महिला गटात धावायचं तर आधी स्वॅब द्या – पटतंय का?

ट्रॅकवेडी

मंडळी, क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर धागा काढला की दोन प्रतिसाद येतात आणि त्यातला एक आपलाच असतो हे माहितीये, तरी काढतेय.

१ सप्टेंबर २०२५ पासून वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सचा नियम लागू झालाय की महिला गटात उतरायचं असेल तर आयुष्यात एकदा जीन टेस्ट द्यायची. गालाच्या आतून स्वॅब घेतात नाहीतर रक्त, आणि त्यात एसआरवाय नावाचा जीन आहे का बघतात. नसला की विषय संपला, परत कधी टेस्ट नाही. टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप याच नियमाखाली झाली.

नियम बरोबर का चूक यावर तुम्ही भांडणारच, खुशाल भांडा. मला डाचतंय ते वेगळंच. आपल्याकडच्याच दोघी घ्या. शांती सौंदराजन, तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली, आईबाप वीटभट्टीवर कामाला. २००६ च्या दोहा एशियाडला ८०० मीटरमध्ये सिल्व्हर काढलं, मग तिची 'जेंडर टेस्ट' झाली, मेडल काढून घेतलं, आणि ती कुठल्या टेस्टमध्ये नापास झाली ते अख्ख्या देशाने टीव्हीवर ऐकलं. नेमकं काय निघालं, त्याचा अर्थ काय, पुढे तब्येतीचं काय, हे तिला समोर बसवून सांगायला मात्र कोणी नाही. काही वर्षांनी ती स्वतः वीटभट्टीवर काम करतानाचे फोटो पेपरात आले, तेव्हा सगळ्यांना हळहळ वाटली. (कोचची नोकरी मिळाली नंतर, पण किती नंतर.)

दुसरी द्युती चंद. ओडिशाचा जाजपूर जिल्हा, विणकराचं घर. २०१४ मध्ये ग्लासगो कॉमनवेल्थच्या तोंडावर तिला टीममधून काढलं, टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून. वय १८. पण हिच्या बाजूने माणसं उभी राहिली, पायोष्णी मित्रा सल्लागार म्हणून होत्या, टोरांटोच्या वकिलांनी फुकट केस लढवली, आणि जुलै २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने, म्हणजे कॅसने, तो नियमच दोन वर्षांसाठी स्थगित केला. द्युती रिओ ऑलिंपिक धावली, २०१८ च्या एशियाडला १०० आणि २०० दोन्हीत सिल्व्हर. (नंतर डोपिंगमध्ये चार वर्षांची बंदी आली ते माहितीये, कोणीतरी काढेलच म्हणून मीच लिहून टाकते, त्याचा याच्याशी संबंध नाही.)

देश एकच, मधे आठ वर्षं. एकीची वाट लागली आणि दुसरी कोर्टात जिंकली, ते वैद्यकीय कारणामुळे नाही, सोबत कोण होतं यामुळे. आता टेस्ट सगळ्यांचीच होणार आहे. तर आपल्याकडे ज्या पोरीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल तिच्यासोबत कोण असणारे?

चिंचोका

यात एवढं काय आहे ताई? बायकांच्या शर्यतीत बायका धावतील, बाप्यांच्या शर्यतीत बाप्ये. स्वॅबला काय पाच मिनिटं लागतात, करोनात आपण सगळ्यांनी दिलाय. ज्याला लपवायचंय तोच घाबरेल.

अंतःस्रावी

चिंचोका, लपवायला आधी माहीत तरी असायला पाहिजे ना. मी याच विषयातली डॉक्टर आहे (नावावरून कळलं असेल), थोडं लांबेल पण लिहिते.

एसआरवाय हा जीन साधारणपणे वाय क्रोमोसोमवर असतो आणि गर्भात वृषण तयार व्हायचा सिग्नल देतो. पण सिग्नल दिला म्हणजे पुढचं सगळं ठरल्यासारखंच होतं असं नाही. दोन उदाहरणं देते. एक, कम्प्लीट अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटी. क्रोमोसोम मुलग्याचे, म्हणजे एक्सवाय आहेत, वृषण पोटात आहेत, टेस्टोस्टेरॉन भरपूर बनतंय, पण शरीरातल्या पेशींना ते वाचताच येत नाही. बाळ मुलगी म्हणून जन्मतं, मुलगी म्हणून वाढतं, छाती येते, फक्त पाळी येत नाही. कित्येकींना पाळीसाठी डॉक्टरकडे जाईपर्यंत काही म्हणजे काही माहीत नसतं. अशा मुलीला टेस्टोस्टेरॉनचा शून्य फायदा, त्यामुळे एसआरवाय पॉझिटिव्ह आली तरी वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स तिला महिला गटात धावू देतं, नियमातच तशी सूट आहे.

दोन, फाइव्ह अल्फा रिडक्टेज डेफिशियन्सी. इथे टेस्टोस्टेरॉन बनतं आणि पेशींना वाचताही येतं, पण ते ज्या जास्त जोरकस हार्मोनमध्ये बदलायला हवं ते बदलत नाही. बाहेरचे अवयव गर्भात त्या दुसऱ्या हार्मोनवर घडतात, म्हणून जन्मल्यावर सुईण किंवा नर्स बघते आणि मुलगी म्हणते. वयात येताना मात्र नुसत्या टेस्टोस्टेरॉनवर स्नायू, आवाज, उंची सगळं मुलग्याच्या वळणाने जातं. कॅसच्या २०१९ च्या निकालात दक्षिण आफ्रिकेची ८०० मीटरची धावपटू कास्टर सेमेन्या हिची नोंद याच प्रकारात आहे.

आता या दोघींच्या रिपोर्टवर एकच शब्द येणार, पॉझिटिव्ह. पुढचं सगळं त्यानंतरच्या तपासण्यांवर. म्हणजे टेस्ट पाच मिनिटांची असली तरी प्रकरण पाच मिनिटांचं नाही.

चिंचोका

डॉक्टर, माहितीबद्दल धन्यवाद, खरंच नवीन होतं. पण तुमच्या दुसऱ्या उदाहरणावरूनच माझा मुद्दा येतो बघा. वयात येताना शरीर मुलग्यासारखं झालं तर मग बाकीच्या मुलींनी काय करायचं? मी ट्रॅक वगैरे फार बघत नाही, पण रिओची ८०० ची फायनल आत्ता यूट्यूबवर बघितली. पहिल्या तिघी, सेमेन्या, नियोनसाबा, वांबुई, आणि नंतर या तिघींवरही टेस्टोस्टेरॉनचा नियम लागू झाला. चौथी आली ती कॅनडाची मेलिसा बिशप, १:५७.०२. तिने काय घोडं मारलं होतं? तिचा फोटो कोणी पेपरात छापून हळहळलं का?

ट्रॅकवेडी

नाही छापला, हे मान्यच आहे. मी स्वतः ८०० धावायचे (जिल्हा पातळी, फार हवा नाही) आणि चौथं येणं म्हणजे काय ते चांगलं माहितीये. महिला गट वेगळा ठेवायलाच लागतो, त्यावर माझा वाद नाही. १०० मीटरला ९.५८ आणि १०.४९, ८०० ला १:४०.९१ आणि १:५३.२८, सगळीकडे दहा-बारा टक्क्यांचा फरक पडतो, गट एकच ठेवला तर फायनलमध्ये एकही बाई दिसणार नाही.

पण कॅसने द्युतीच्या केसमध्ये नेमकं याच आकड्यावर बोट ठेवलं होतं. की बाबांनो, पुरुष आणि बायकांमधला फरक दहा-बारा टक्के, ठीक, पण जास्त टेस्टोस्टेरॉनवाल्या बाईला इतर बायकांपेक्षा तेवढा फायदा मिळतो याचा पुरावा द्या. अ‍ॅथलेटिक्स संघटनेला तो देता आला नाही. मग २०१८ मध्ये नवा नियम आणला, ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींसाठी. का तेवढ्याच, तर २०१७ साली त्यांच्याच माणसांनी केलेला एक अभ्यास. आणि २०२१ मध्ये त्याच अभ्यासाला दुरुस्ती जोडली की यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तोवर सेमेन्याचं टोकियो ऑलिंपिक गेलं होतं.

जुनाखेळाडू

हे सगळं नवीन नाहीये लोकहो. १९६८ मेक्सिको ऑलिंपिकपासून क्रोमोसोम टेस्ट होती. स्पेनची अडथळ्यांची धावपटू मारिया होझे मार्टिनेझ-पतिन्यो, १९८५ ला कोबेच्या विद्यापीठ स्पर्धेत सर्टिफिकेट घरी विसरली म्हणून परत टेस्ट झाली आणि एक्सवाय निघाली. डॉक्टरांनी वर सांगितलेला पहिला प्रकार, काडीचा फायदा नाही. तिला दुखापतीचं नाटक करून माघार घ्यायला सांगितलं, तिने ऐकलं नाही आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत धावली, मग बातमी फुटली. स्कॉलरशिप गेली, होणारा नवरा गेला, विक्रम पुसले. तीन वर्षं लढून १९८८ मध्ये परत परवानगी मिळवली, तोवर पाय गेले होते.

आणि एसआरवायची टेस्टसुद्धा जुनीच. १९९६ अटलांटाला ३३८७ जणींची केली होती, ८ पॉझिटिव्ह, आणि आठही जणींना शेवटी खेळू दिलं. मग आयओसीनेच, म्हणजे ऑलिंपिक समितीनेच, १९९९ मध्ये सरसकट टेस्ट बंद केली, की यातून ढोंगी कोणी सापडत नाही, नुसती बिचाऱ्या पोरींची फरफट होते. पंचवीस वर्षांनी गाडी परत त्याच स्टेशनात.

चिंचोका

@जुनाखेळाडू, पण अटलांटानंतर चित्र बदललं ना. टोकियो ऑलिंपिकला नामिबियाची क्रिस्टीन म्बोमा, ४०० मीटरला नियमामुळे मनाई, तर २०० ला उतरली आणि २१.८१ मध्ये थेट सिल्व्हर. वय १८. मग ४०० ते मैल हेच कसं काय धरून बसणार? त्यानंतरच २०२३ मध्ये सगळ्या शर्यतींना नियम लावला. मला तर ते बरोबर वाटतं.

अंतःस्रावी

म्बोमाचा मुद्दा दमदार आहे, मी तो उडवून लावणार नाही. अजून एक आकडा तुमच्याच बाजूने देते. २०११ च्या देगू वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या खेळाडूंवर जो अभ्यास झाला त्यात एक्सवाय असलेल्या खेळाडूंचं प्रमाण हजारी सुमारे सात निघालं, सर्वसाधारण लोकसंख्येच्या अंदाजे १४० पट. म्हणजे काहीतरी फायदा आहे हे दिसतंच. किती आणि कोणाला, हे प्रकारानुसार बदलतं.

माझी चिडचिड वेगळी आहे. टेस्टोस्टेरॉनची मर्यादा सारखी हलवली. २०११ ला लिटरमागे १० नॅनोमोल. २०१५ ला काहीच नाही. २०१८ च्या नियमात ५. २०२३ ला अडीच, आणि तेही सलग २४ महिने. २०२५ ला जीन. बायकांची नेहमीची पातळी २ च्या आत असते, पुरुषांची ७.७ ते २९.४, मधे एवढी मोठी मोकळी जागा असताना १० कुठून आला आणि अडीच कुठून आला हे पेशंटला समजावून सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये. सेमेन्याने एकाच करिअरमध्ये यातले बहुतेक नियम भोगले. २०१० ते २०१५ गर्भनिरोधक गोळ्या घेऊन पातळी खाली ठेवली, मग सांगितलं गरज नाही, मग परत गरज आहे. निरोगी बाईला दुखण्यासाठी नाही तर शर्यतीसाठी हार्मोन द्यायचे हे डॉक्टर म्हणून मला कधीच पटलं नाही. त्या मानाने एकदाच टेस्ट आणि आहे-नाही हे उत्तर, यात निदान गोळ्यांचा छळ तरी नाही.

पॅरिसपाटील

इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितोय. इथे फ्रान्समध्ये भलताच गोंधळ झाला. इथल्या कायद्यात वैद्यकीय किंवा कोर्टाच्या कारणाशिवाय जेनेटिक टेस्ट करता येत नाही, त्यामुळे फ्रेंच मुलींच्या टेस्ट देशाबाहेर करायची वेळ आली. बॉक्सिंगमध्ये तर रिपोर्ट मुदतीत पोचले नाहीत म्हणून सप्टेंबर २०२५ ला लिव्हरपूलच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये फ्रान्सच्या मुलींना रिंगमध्ये उतरूच दिलं नाही. कोणाच्या जीनमध्ये काही निघालं म्हणून नाही, कागद उशिरा आला म्हणून. वर्षभराची तयारी पाण्यात.

दणका९९

एवढं शास्त्र कशाला, पॅरिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगला काय झालं ते जगाने बघितलं, ४६ सेकंदात इटलीची पोरगी रडत बाहेर. डोळे आहेत ना आपल्याला?

ट्रॅकवेडी

डोळ्यांनी ठरवायचं असेल तर अवघड आहे दणकासाहेब. तिच्या समोरची अल्जेरियाची इमान खलिफ ही मुलगी म्हणूनच जन्मली, वाढली, खेळली, आणि पॅरिसच्या आधी बऱ्याच जणींकडून हरलेलीसुद्धा आहे. २०२३ ला आपल्या दिल्लीतल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आयबीए या बॉक्सिंग संघटनेने तिला आणि तैवानच्या लिन यु-तिंगला स्पर्धा चालू असताना बाहेर काढलं. त्याच वर्षी आयओसीने आयबीएचीच मान्यता काढली, आणि पॅरिसला पासपोर्टवर जे लिहिलंय ते ग्राह्य धरलं. आता वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेने टेस्ट सक्तीची केली, त्यावर खलिफ कॅसमध्ये गेली. नियम हवा असेल तर आधी करा, सगळ्यांना एकच करा. अर्ध्या जगाने मोबाइलवर तिच्या अंगाची चिरफाड करायची ही कुठली पद्धत?

आणि हे लांब अल्जेरियात कशाला शोधायचं. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडला आपल्याच एका खेळाडूने मेडल हुकल्यावर आपल्याच टीममधल्या मुलीवर असाच जाहीर आरोप केला होता. पुरावा काही नाही. नंतर पोस्ट काढली, माफी मागितली. पण पोस्ट काढायच्या आधी ती कुठे कुठे फिरली असेल.

गुलबकावली

अनाया बांगरबद्दल कोणीच कसं बोललं नाही? माजी क्रिकेटपटू संजय बांगरची मुलगी, आयसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम केला की पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स महिलांना आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट नाही, त्याविरुद्ध ती जाहीरपणे दाद मागतेय.

संपादक मंडळ

ट्रान्स खेळाडूंचा विषय मोठा आणि वेगळा आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा. दणका९९, तुमचे नंतरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

गुलबकावली

ओके, काढते नवीन धागा. पण इथलं वाचून एक विचारायचंय. ज्या पोरी पॉझिटिव्ह निघाल्या आणि ज्यांच्या मागे वकील नव्हते, त्यांचं काय झालं?

अंतःस्रावी

काहींची ऑपरेशनं झाली. २०१३ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक पेपर छापला, विकसनशील देशांतल्या खेड्यापाड्यातून आलेल्या चार खेळाडू, वय १८ ते २१. पोटातल्या ग्रंथी काढल्या, आणि त्यासोबत क्लिटोरिसचा भागही कापला, ज्याचा धावण्याशी काडीचा संबंध नाही. ग्रंथी तशाच ठेवल्या तर तब्येतीला धोका नाही असं डॉक्टरांनीच पेपरमध्ये लिहून ठेवलंय, फक्त खेळायला मिळणार नाही. युगांडाच्या अ‍ॅनेट नेगेसाने नंतर उघडपणे सांगितलं की २०१२ मध्ये तिच्यावर जी शस्त्रक्रिया झाली ती काय होती हे तिला नीट समजावलंच नव्हतं. ती परत पूर्वीसारखी धावू शकली नाही.

जुलै २०२५ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सेमेन्याच्या केसमध्ये म्हटलं की स्वित्झर्लंडच्या कोर्टाने तिचं म्हणणं पुरेशा खोलात जाऊन ऐकलं नाही. नियम बरोबर का चूक यात ते शिरलंच नाही. सगळ्यात प्रसिद्ध, ऑलिंपिक सुवर्ण मिळवलेल्या बाईची ही गत, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

पीटीमास्तर

मी इथे वाचायलाच असतो पण आज लिहितो. तालुक्याच्या शाळेत क्रीडा शिक्षक आहे. तुमच्या लंडन-पॅरिसच्या गोष्टी खऱ्या पण हे सुरू होतं आमच्या मैदानावर. शालेय स्पर्धेत एखादी पोरगी जरा उंच, केस बारीक कापलेले, आवाज घोगरा, आणि दहा मीटर पुढे निघून गेली की कुंपणापलीकडून पालकच ओरडतात, हा पोरगा हाय, चड्डी बघा. बारा-तेरा वर्षांच्या लेकराला. मी एका बापाला मैदानाबाहेर काढलंय यावरून, त्याने माझीच तक्रार केली वर.

आणि आमच्याकडे मेडल म्हणजे नुसतं मेडल नाही ओ. राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरती आहे, शिवाय रेल्वेचा खेळाडू कोटा, त्यावर अख्खं घर उभं राहतं. पोरीला वरच्या स्पर्धेत गेल्यावर, वीस-एकवीसच्या वयात, कोणी सांगितलं की तू बसत नाहीस, तर तोवर तिने शिक्षण सोडलेलं असतं, लग्न पुढे ढकललेलं असतं.

डॉक्टर, तुम्हाला एक विचारायचंय, इथे विचारू का नको कळत नव्हतं. माझ्याकडे एक मुलगी आहे, सोळा पूर्ण, ४०० आणि ८०० धावते, चांगली धावते. पाळी आली नाही अजून. आईने आमच्या बाईंना सांगितलं, बाईंनी मला. आई म्हणते पळून पळून असं होतं, थांबेल तेव्हा येईल. हा धागा वाचल्यापासून माझं डोकं फिरलंय.

अंतःस्रावी

मास्तर, बरं झालं विचारलंत. आधी डोकं शांत करा. आई म्हणते ते बरेचदा खरंच असतं. सकाळ-संध्याकाळ ट्रॅक, आणि डब्यात दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी, एवढ्यावर शरीर पाळी पुढे ढकलतं. काहींच्या घरातच उशिरा येते, आईला-मावशीला विचारा. थायरॉइड असतं, आपल्याकडे टीबीसुद्धा असतो. या धाग्यातली कारणं यादीत खूप खाली येतात.

पण पंधरा उलटून पाळी नाही म्हणजे दाखवायचं, थांबायचं नाही, मग कारण काहीही असो. नुसतं खाणं कमी पडत असेल तरी हाडं ठिसूळ होतात, आणि ८०० धावणाऱ्या पोरीला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे वर्ष गेलं. आणि समजा क्वचित एखादं दुसरं कारण निघालंच तर ते सोळाव्या वर्षी, आईसमोर, बंद दाराआड कळणं केव्हाही चांगलं. पोटात ग्रंथी असल्या तर काही प्रकारांत पुढे गाठीचा धोका असतो, त्यासाठीही कळायला हवं.

तालुक्याला सोनोग्राफी होईल, हार्मोनच्या तपासण्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मेडिकल कॉलेजला जावं लागेल. सोबत आई आणि तुमच्या बाई जाऊ देत, तुम्ही नको. चिठ्ठीवर 'पाळी न येणे' एवढंच लिहायचं, खेळाचा उल्लेखसुद्धा नको. रिपोर्ट मुलीचा आणि आईचा, शाळेच्या फायलीत त्याची झेरॉक्स लागणार नाही, कोणी मागितली तरी द्यायची नाही. कोणाला भेटायचं ते व्यनि (खासगी निरोप) करते.

ट्रॅकवेडी

मास्तर, प्रवासाचा खर्च वगैरे असेल तर मलाही व्यनि करा.

चिंचोका

नियमाबद्दल माझं मत तेच आहे, वर जायचं तर टेस्ट पाहिजे. पण खर्चात माझाही वाटा धरा. आणि त्या ओरडणाऱ्या बापाचं पुढे काय झालं मास्तर?

पीटीमास्तर

काही नाही, त्याची मुलगी पण माझ्याकडेच येते, रिले धावते. पैशाचं बघतो आम्ही, लागले तर सांगतो.

डॉक्टर, व्यनि मिळाला. बाई सोमवारी आईशी बोलतो म्हणाल्या. फक्त शनिवारी जिल्हा स्पर्धा आहे, तिची ८०० आहे. तिला बसवू का यावेळी?

अंतःस्रावी

अजिबात नाही. जिल्ह्याला एसआरवाय कोणी विचारत नाही. धावू द्या. आणि शर्यतीआधी नीट जेवून यायला सांगा.